मीठुं पाणी

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणायचं, बाईंना कुत्र्यांचा पुळका, म्हणून माणूसही चांगला दिसला. पुळका कसला डोंबलाचा! परबकाकांकडे तीन कुत्री होती आणि तिन्ही सकाळी फिरायला निघाली की आधी आमच्या तुळशीच्या कुंडीपाशी पाय वर करायची. आई दर खेपेला ओरडायची, "अहो परब, आवरा तुमची पिलावळ!" आणि परबकाका दर खेपेला बादलीभर पाणी आणून कुंडीभोवती ओतायचे.

"मुकी जनावरा ती, वहिनी."

"ती मुकी आहेत, तुम्हाला तोंड आहे ना? मग सांगा त्यांना!"

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची आठ खोल्यांची बैठी चाळ होती. सत्तरच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मागचं दार उघडलं की उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि वारा आला की ओठ खारट व्हायचे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण, घरी मी आणि आई. शेजारच्या खोलीत परबकाका, सुमतीकाकू आणि ती तीन कुत्री. चांदीसारखे पट्टे होते तो बांगडा. कारण नसताना सगळ्यांवर भुंकायचा तो फोरमन. हे नाव गॅरेजातल्या खऱ्या फोरमनवरून ठेवलं होतं आणि त्या फोरमनला ते ठाऊकही होतं. तिसरी येसू, म्हातारी, गरीब, एका कानाची.

काका आग्रा रोडला चेकनाक्याजवळच्या गॅरेजात सुतार होते. ट्रकच्या बॉड्या बांधायच्या तिथे. उंच, पाठीत किंचित वाकलेले, कानांत कायम लाकडाचा भुसा आणि कानावर चपटी पेन्सिल. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक करवतीने नेलेलं. माप घ्यायचे ते वितीने, आणि वर म्हणायचे, "माजी वीत अर्धा बोट कमी, ता मी धरलंय." एकदा त्यांनी आमच्या मोडक्या कपाटाला फळी बसवून दिली. टेपबिप काही नाही, नुसती वीत. फळी अशी बसली की मध्ये पोस्टकार्ड सरकेना. आईने त्या दिवसापुरतं तुळशीचं सगळं माफ केलं.

त्या गॅरेजात एक रीत होती. मुख्य सुतार गाडीवर चढून माप घ्यायचा आणि तिथूनच ओरडून सांगायचा. खाली करवतीवर बसलेल्याने ते एकदाच ऐकायचं आणि कापायला घ्यायचं. "किती?" म्हणून परत विचारलं की सगळं गॅरेज हसायचं, "शिकाऊ आला रे!" तीस वर्षांत आपण एकदाही परत विचारलं नाही, हा काकांचा मोठा अभिमान. त्या गलक्यात, ठोकाठोकीत, तीस वर्षं! आणि हा अभिमान ते घरीसुद्धा घेऊन यायचे, हीच तर पंचाईत होती. एकदा काकूंनी आतून हाक मारून सांगितलं, आलं आणा. तर हे बाजारातून अळूच्या जुड्या घेऊन आले. काकू कपाळाला हात लावून दारात बसल्या.

"परत विचारलं असतं तर दात पडले असते का यांचे?" त्या आईला म्हणाल्या.

"माका अळूवडीच खायची होती," काका शांतपणे म्हणाले आणि चहा आल्याशिवायच प्यायले.

काकूंना दमा होता. ज्या घरात दमा असतो त्या घरालाच तो आवाज कळतो. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचा, करवत अडकल्यासारखा. दमेकरी माणूस आडवं होऊ शकत नाही. काकू रात्र रात्र भिंतीला उशा लावून बसून काढायच्या आणि सकाळी उठून काही झालंच नाही अशा थाटात भाकऱ्या थापायच्या. काका त्यांना वाफारा द्यायचे. पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावरून घोंगडी, आणि काका घोंगडीच्या आत त्यांच्याबरोबर. दोघं घाम पुसत बाहेर यायचे. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, पण त्या घोंगडीकडे बघून मला कधीकधी वाटायचं की करायला हरकत नव्हती.

रविवारी काका कुत्री घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेच्या डोंगरावर जायचे. मुलुंडचा डोंगर पुढे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या जंगलाला जाऊन मिळतो. पाठीवर कॅनव्हासची पिशवी, त्यात भाकरी, सुकट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि कुत्र्यांसाठी जर्मनची थाळी. एका रविवारी काकूंनी मलाही ओढलं. मला वाटलं, ह्या बाईला दम लागणार, आपल्याला तिला पाठीवर घेऊन उतरावं लागणार. पण गंमत बघा. चढण लागली आणि काकूंचा श्वास वाजायला लागला की काका लगेच थांबायचे आणि म्हणायचे, "अगो, येसूक दम लागलो. बसूया वाईच."

येसू बिचारी शेपटी हलवत उभी असायची. तिला काही झालेलं नसायचं. सगळे बसायचे. थोडं चढलं की पुन्हा, "येसू दमली." वर पोचेपर्यंत येसू अकरा वेळा दमली, मी मोजलं. काकूंना कळत नव्हतं असं थोडंच आहे! त्या येसूच्या डोक्यावर हात फिरवून म्हणायच्या, "म्हातारी झाली गो माझी बाय," आणि पदराने तोंड पुसायच्या. वर गेल्यावर एका बाजूला आमची मिठागरं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं हिरवं रान. काकू म्हणाल्या, इथे बरं वाटतं, पण हवेत ओल आहे. मुंबईत ओल कुठे नाही?

ओलीचं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. इथली दमट हवा ह्यांना सोसत नाही, वर्षातून दोन महिने कोरड्या हवेत न्या. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! सुताराने बायकोला कोरड्या हवेत कुठे न्यावं? लॉजमध्ये? तीन कुत्र्यांसकट?  आठवडाभराने एका संध्याकाळी आमच्या चाळीसमोर एक गाडी येऊन उभी राहिली. एका बेकरीने भंगारात काढलेली पावाची व्हॅन. आतून अजून पावाचा वास येत होता आणि फोरमन चाकांवर भुंकत होता.

"हे काय, परब?" आईने विचारलं.

"बिऱ्हाड," काका म्हणाले.

गाडीचं नावच ते पडलं. वर्षभर काका त्या बिऱ्हाडात ठोकत होते. भिंतीला दुमडणारी खाट, खाटेखाली शेगडीचा खण, कुत्र्यांना झोपायला मागे जाळीचा कप्पा, छताला हवेची झडप. खाटेला डोक्याकडून उचलता येणारी फळी केली होती, सात खाचांची, म्हणजे काकूंना जेवढं उठून बसायचं तेवढं बसता यावं. पत्र्याची पाण्याची टाकी त्यांनी स्वतः सांध्यांना डाग देऊन बनवली. चाळीतले लोक म्हणायचे, परबाचं डोकं फिरलं. काही जण म्हणायचे, सर्कस काढतोय. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू. पण आत जाऊन बघितलं तर इतकं नेटकं की माझ्या खोलीची मला लाज वाटली.

कोरड्या हवेचा पत्ता दिला आमच्या वाण्याने, शामजीभाईने. तो मूळचा कच्छकडचा. म्हणाला, आमच्याकडे रण आहे, हवेत पाण्याचा टिपूस नाही, कपडे धुऊन टाकले की विडी संपायच्या आत वाळतात. सरकारने ते रण आता रानगाढवांसाठी राखून ठेवलंय, शिकारबिकार बंद, तुमची कुत्री तेवढी आवरा. त्याचा एक चुलतभाऊ रणाच्या कडेला गावात होता. पहिल्या वर्षी हिवाळ्यात काका-काकू त्या भावाच्या भरवशावर गेले. दोन महिने बिनपगारी रजा, फोरमनच्या शिव्या, सगळं सोसून. आणि होळीच्या सुमाराला परत आले तेव्हा काकू गाडीतून उतरून पहिल्यांदा आमच्याच दारात आल्या. रापल्या होत्या, अंग भरलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या,

"आडवी निजलंय गो बाय! रातभर आडवी!"

पन्नाशीची बाई हे सांगताना लहान मुलीसारखी रडत होती. आईसुद्धा रडली. मग दोन दिवस त्या रणाच्याच गोष्टी. सगळीकडे सपाट, तडे गेलेली जमीन. मध्ये मध्ये थोडा उंचवटा, त्यावर चार काटेरी झाडं, त्याला ते लोक बेट म्हणतात. रानगाढवं गाडीच्या बाजूने धावतात, तांबूस, देखणी. बांगडा त्यांच्यामागे लागला आणि एकाने अशी लाथ हाणली की तो तीन दिवस काकूंच्या पदराखाली बसून होता. रोज सकाळी दोघं कुत्री घेऊन मैल मैल चालायची, आणि येसूला एकदाही दम लागला नाही. हे शेवटचं काकूंनी सांगितलं आणि काका उठून बाहेर गेले.

दुसऱ्या वर्षी चुलतभाऊ तिथे नव्हता, त्याने राजकोटला दुकान टाकलं होतं. शामजीभाई म्हणाला, यंदा राहू द्या, नाहीतर गावातच गाडी लावा, आत जाऊ नका. काकांना ते पटलं नाही. गावात धूळ, गुरं, धूर. काकूंना बरं वाटायचं ते आत, मोकळ्या जागेत. आणि गेल्या वर्षी बोलण्याचं सगळं चुलतभावाने केलं, हे त्यांना कुठेतरी लागलेलं होतं. एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, माका गुजराती शिकवा. यंदा मी बोलतलंय."

माझं लहानपण घाटकोपरला गुजराती बिऱ्हाडांच्या मधोमध गेलं. गुजराती मला येतं, अशी माझी समजूत होती. आणि शिकवायचं म्हटलं की मी काय, लगेच खडू उचलणार! पाटीवर दोन रकाने पाडले. डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती. वाण्याच्या दुकानात लागतात ते शब्द आधी. दूध, तांदूळ म्हणजे चोखा, पीठ म्हणजे लोट, तेल. मीठ, मीठुं. मग काकांनी विचारलं, "गोडाक काय म्हणतत?" काकू चहा बिनसाखरेचा घ्यायच्या, म्हणून त्यांना ते हवं होतं. मी म्हटलं, गळ्युं. गळ्युं नको म्हणायचं. त्यांनी लिहून घेतलं. मी त्यांची तोंडी परीक्षासुद्धा घेतली. सगळं बरोबर आलं आणि मी त्यांच्या वहीत विसांपैकी वीस गुण देऊन खाली लपेटदार सही केली. केवढं हसलो आम्ही!

आता मी जे सांगते ते मराठी माणसाला नीट समजायला हवं. आपण पिण्याच्या पाण्याला गोडं पाणी म्हणतो. गुजरातीत पाण्याला गळ्युं म्हणत नाहीत. पिण्याच्या पाण्याला ते मीठुं पाणी म्हणतात. मीठुं म्हणजे मीठ, आणि मीठुं म्हणजे गोडही. एकच शब्द. हे मला ठाऊक होतं. घाटकोपरला हजार वेळा कानावर पडलेलं होतं. पण आम्ही वाण्याच्या दुकानात होतो, विहिरीवर नव्हतो, आणि माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

त्या वर्षी ते ठरल्यापेक्षा लवकर परत आले. काका, येसू आणि फोरमन. गाडी नव्हती. काकू नव्हत्या. बांगडा नव्हता. काकांच्या डोक्यावरचे केस काढलेले होते, त्यावरून चाळीला कळलं. आई धावत गेली. ते म्हणाले, "तिकडेच केलंय सगळा," आणि दार लावून घेतलं.

काय झालं ते मला त्यांनीच सांगितलं, महिन्याभराने, एका रविवारी. डोंगरावर जायचं त्यांनी सोडलं होतं. दारात बसून एका फळीला रंधा मारत होते, कशाची फळी कोण जाणे, आणि मान वर न करता सांगत होते.

गाडी रणात आत नेली होती. वरून कोरडी खडखडीत दिसणारी जमीन एके ठिकाणी फुटली आणि मागची चाकं खालच्या गाळात आसापर्यंत रुतली. त्या हिसक्याने टाकीचा डाग सुटला. त्यांनी स्वतः दिलेला डाग. हे ते दोनदा म्हणाले. सकाळी उठून बघतात तर टाकी रिकामी. एक कळशी भरलेली होती तेवढीच. त्यात आदल्या दिवशी धुळीचं वादळ झालं होतं आणि काकूंची छाती वाजायला लागली होती. काकांनी कळशी काकूंच्या हाताशी ठेवली, येसूला सोबतीला बांधली आणि बांगडा-फोरमनला घेऊन पाणी शोधायला निघाले. गेल्या वर्षीचं गाव सहा-सात कोस. वाटेत जवळ कुठे मिळालं तर बरं, दोनेक तासांत परत येऊ. काकू म्हणाल्या, "सावकाश येवा."

अर्धा-पाऊण तास चालल्यावर एक उंटवाला भेटला, उलट्या दिशेने चाललेला. काकांनी विचारलं, पाणी? माझ्याकडून शिकलेलं वाक्य, पाणी क्यां छे? त्याने काठीने डावीकडे दाखवलं. अर्ध्या मैलावर एक उंचवटा होता, त्यावर झाडं.

"पेला बेट पर मीठुं पाणी छे."

त्या बेटावर मीठुं पाणी आहे, काकांनी ऐकलं. एकदाच. मीठुं म्हणजे मीठ. आजूबाजूला सगळं मिठाचंच, आमच्या मागल्या दारासारखं. मिठागरवाल्यांची खाऱ्या पाण्याची विहीर असेल, ते घेऊन काय करायचं? उंटवाला पुढे निघून गेला. काकांनी बेटाकडे पाठ केली आणि गावाची वाट धरली.

रणातल्या मिठाने कुत्र्यांचे पंजे फाटले. बांगडा वाटेत बसला तो उठला नाही. काकांनी त्याला थोडा वेळ खांद्यावर घेतलं, मग खाली ठेवलं. उन्हं कलताना गाव आलं. पहिल्याच घरात एक बाई अंगणात होती. तिने ह्यांचा अवतार बघितला, आत धावली, तांब्या भरून आणला आणि पुढे धरला.

"पीओ भाई, मीठुं पाणी छे."

काका म्हणाले, मला वाटलं ही बाई मला मिठाचं पाणी कित्याक देता? ऊन लागलेल्या माणसाक देत असतील. म्हणून घोट घेतला.

"गोडा होता," ते म्हणाले.

रंधा थांबला होता. मी पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघणार. आता म्हणणार, बाई, तुमची वही. त्यांनी बघितलं नाही. फळीवर फुंकर मारून भुसा उडवला आणि पुढचं सांगितलं. गावातली माणसं चांगली होती. उंटगाडी जुंपली, दोघे जण बरोबर आले. पण रणात अंधारात गाडी चालत नाही, दिशा चुकते, म्हणून पहाटेपर्यंत थांबावं लागलं. पोचले तेव्हा काकू खाटेवर बसलेल्या होत्या, फळी सर्वांत वरच्या खाचेला लावून. येसू त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडली होती आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हती. कळशी अर्धी भरलेली होती.

तहानेने गेल्या नव्हत्या त्या. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, दम्याचा मोठा झटका. हाताशी कोणी असतं, बसतं करायला, गोळी द्यायला, गरम पाण्याची वाफ द्यायला, तर निभावलं असतं कदाचित. कदाचित, असं म्हणाला तो. काका दोनेक तासांत परत येणार होते. ते दुसऱ्या दिवशी आले.

मी घरी आले आणि जेवणाच्या पानावरून उठले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू खोटं सांगितलंस का? मग कशाला जीव जाळतेस?" तिला कसं समजवायचं? खोटं सांगितलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. मी अर्धं सांगितलं होतं आणि वीस गुण दिले होते.

घाटकोपरहून काकूंचा भाऊ आला आणि चाळीच्या मधोमध उभा राहून नाही नाही ते बोलला. बहिणीला कुत्र्यांसारखं फिरवलं, वाळवंटात नेऊन मारलं, हा माणूस आहे की कोण आहे! आठही खोल्यांची दारं उघडी होती. काका उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते, मान खाली.  मी आमच्या दारात उभी होते. एक पाऊल पुढे टाकून मी म्हणायला हवं होतं, थांबा हो, चूक माझी आहे. जीभ उचलली नाही माझी. भित्री होते मी, दुसरं काय!

त्यानंतरचे काका मला आठवतात ते शामजीभाईच्या दुकानात. तेल, डाळ, चहा सगळं तोंडाने मागायचे. मीठ मागत नसत. बरणीकडे बोट दाखवायचे. शामजीभाईला कारण ठाऊक नव्हतं. तो एकदा थट्टेने म्हणाला, "शुं परब, बोलो ने, मीठुं!" काका पिशवी तिथेच टाकून निघून आले. मी ती पिशवी उचलून त्यांच्या दाराला अडकवली. गॅरेजातही त्यांचं काम बिघडलं. करवतीवर बसून प्रत्येक माप परत विचारायला लागले म्हणे. किती? किती म्हणालात? पुन्हा सांगा. कालची पोरं हसायची, आणि फोरमनने शेवटी त्यांना करवतीवरून काढून खिळे ठोकायला बसवलं. फोरमन कुत्रा त्याच वर्षी गेला. येसू तेवढी राहिली, काका पाणी प्यायले की मगच पाणी प्यायची.

चार वर्षं मी हे पोटात घेऊन त्यांच्या शेजारी राहिले. रोज दिसायचे. "काय बाई, शाळा?" "हो काका." संपलं. मग माझी बदली बोरिवलीला झाली, तिकडेच खोली मिळाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, आई पुढे बसली, आणि मी विसरल्याचं निमित्त करून परत आत आले. काका दारात बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले, भराभरा, पाठ केल्यासारखं. की काका, ते मीठुं मी सांगितलं होतं. मला दुसरा अर्थ ठाऊक होता आणि मी सांगितला नाही. तुम्ही मला काहीही बोला, पण बोला.

त्यांनी वर बघितलं. रागाचं नाव नव्हतं चेहऱ्यावर. उलट मला वाटलं, ह्यांना माझी दया येतेय, आणि त्याने मी जास्तच मेले.

"तुमचा काय चुकला नाय, बाई. तुमी बरोबरच सांगितलात."

"अर्धं सांगितलं हो काका!"

 बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग ते मिठागरांकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "ह्या मी कोणाक सांगितलंय नाय. सुमतीच्या भावाक पण नाय."

"काय?"

"तेना ओंजळ करून दाखवल्यान होती. त्या उंटवाल्यान. अशी." त्यांनी दोन्ही हात जुळवले आणि तोंडाशी नेले, पाणी पितात तसे. "बघलंय मी, बाई. चांगला बघलंय. पण शब्द माका ठावक होतो ना."

टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, आईने हाक मारली.  मी पायऱ्या उतरले, टेम्पोत चढले आणि मागे वळून बघितलं. त्यांचे हात अजून तोंडाशीच होते.